फाटकापर्यंत आलेला माणूस

९ जानेवारी
गोदाम मिळालं. इथलंच, आमच्या वाशिमकडच्या मालेगावातलं, बाजारओळीच्या मागचं. शांतिलालजींचं. आधी तूर-हरभऱ्याची पोती असायची, मग बरीच वर्षं कुलूप. प्रकाशला अजून खरं वाटत नाहीये. (यापुढं नुसतं प्र. लिहीन. दिवसभर फळ्यावर लिहून हात दुखतो.)

आपल्या गावात व्यसनमुक्ती केंद्र काढायचं हे प्र.च्या डोक्यात तो स्वतः दारूतून सुटला तेव्हापासून. त्याला नागपूरला ठेवावं लागलं होतं. घरापासून लांब, ओळखीचं कुत्रं नाही. "माणूस ज्या गावात पिला, त्याच गावात सुटला पाह्यजे रत्ना. नाईतर परत आल्यावर त्याले गावच नवीन लागते."

शांतिलालजी चावी द्यायला स्वतः आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. म्हणाले, "भाडं नको. फक्त आमच्या महावीरचं नाव तिथं काढू नका."

महावीर त्यांचा धाकटा. ह्याच गोदामात पोत्यांमागं सापडला होता. घरच्यांनी काविळीनं गेला म्हणून सांगितलं. गावानंही तसंच ऐकल्यासारखं केलं.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून थेट गोदामात. विहारातल्या बायका आल्या होत्या, झाडून घेतलं. मागच्या भिंतीशी झाडत होते तेव्हा वाटलं, पाठीशी कुणीतरी उभं आहे, बाजूला होण्याची वाट बघत. वळले. कुणी नाही. बायकांना बोलले नाही.

प्र. दिवसभर गुणगुणत होता. मी ऐकत होते. गाणं नाही, आवाज. जीभ जड आहे का, शब्द घसरतोय का. इतकी वर्षं झाली, तरी. संध्याकाळी त्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की मी हातातलं काम थांबवते, गाडी सरळ आली का बघते. सरळच येते.

प्र. सुटला. माझे कान सुटले नाहीत.

१२ फेब्रुवारी
पहिला माणूस आला. विलास. रिठदचा, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अख्ख्या शिवाराचे पंप त्याच्या हाताखालून जातात म्हणे. बायको कविता एसटीनं घेऊन आली. त्याला नवा शर्ट घातला होता, लग्नाला आणल्यासारखा. कॉलरचा पुठ्ठा काढायचा राहिला होता.

प्र.नं त्याला ओळखलं, त्यानं प्र.ला. प्र. कंडक्टर होता तेव्हा रिसोडच्या गाडीत दोघं किती वेळा... असो. नोकरी दारूतच गेली, पण सगळा तालुका त्याला अजून कंडक्टरभाऊच म्हणतो.

"कंडक्टरभाऊ, तुमी सुटले?"
"हाव."
"कसे?"
"तेच सांगाले बसलो इथं. पह्यले डॉक्टरकडं चाल."

डॉक्टरांचा नियम पक्का आहे. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडायची नाही, झटके येतात, माणूस जातो. पहिले काही दिवस वाशिमच्या सरकारी दवाखान्यात, मग आमच्याकडं. प्र. सोबत गेला. कविता माझ्याकडं राहिली. जेवली नाही. मी आग्रह केला नाही, मला माहीत आहे.

६ मार्च
विलास हसतो आता. गोदामातली सगळी वायरिंग त्यानं नव्यानं केली. जुने पंखे खाली उतरवले, उघडले, तांबं गुंडाळलं, पुन्हा टांगले. एकही कुरकुरत नाही. हात थरथरायचे थांबलेत हे त्याला दाखवायचं असतं, म्हणून सुई-दोरा मागून घेतो, सगळ्यांसमोर ओवतो.

दुपारच्या बैठकीत पाच-सहाजण. मंगरूळपीरचे एक म्हातारे रहीमचाचा, ते सगळ्यांत जुने पिणारे. एकेकानं बोलायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, इतकंच.

शांतिलालजी रोज दुपारी येतात. आत येत नाहीत. खिडकीखालच्या बाकावर बसतात, फाटकाकडं तोंड करून. ऐकू येत असणार सगळं. बैठक संपली की उठून जातात. प्र. म्हणाला, चहा देत जा. दिला. "घरी घेतो" म्हणाले.

१४ एप्रिल
जयंती. विहारापुढं मांडव, गर्दी, निळे झेंडे. पाहुण्यांचं भाषण झाल्यावर प्र.नं माईक घेतला. विलासला स्टेजवर बोलावलं. "हा पाहा. ह्याला म्हणतात माणूस." हार घातला. टाळ्या. विलासला बोल म्हणाले. तो "जयभीम" म्हणाला आणि पुढं काही सुचेना. हाराची फुलं चुरगाळत उभा.

कविता माझ्या शेजारी होती. सगळे तिच्याकडं वळून बघत होते, तिनं पदर पुढं ओढला. हळूच म्हणाली, "बाई, इतक्या वर कायले चढवलं त्याले?"

मी म्हटलं, कौतुक आहे गं.

घरी आल्यावर प्र.ला सांगितलं ती असं म्हणाली. प्र. आनंदात होता. "तिले सवय नाई चांगल्याची."

मलाही नाही.

२ मे
पेपरात फोटो आला. विलास, हारासकट. ‘रिठदच्या तरुणाची दारूवर मात.’ त्यानं तो दुकानात फ्रेम करून लावला असं कळलं. रिठदहून आता दोन बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन आल्या. "विलास सुटला त मायावाला काहून नाई सुटत?"

शाळेला सुट्ट्या. मी दिवसभर केंद्रातच. नवी खोली बांधून होतेय, वर टिनाचे पत्रे. माणसं वाढली. प्र. खुश. तरी घरी आल्यावर पाणी द्यायच्या निमित्तानं मी जवळ जाते. त्याला कळतं. आज म्हणाला, "घे वास. मंग बस निवांत." रागानं नाही म्हणाला. तेच जास्त लागलं.

१९ जून
विलास आता घरूनच येतो, रविवारच्या बैठकीला. नवीन लोकांना त्याच्याशेजारी बसवतात. "विलासभाऊ, तुमाले कदी वाटतच नाई काय घ्यावं म्हणून?" एकानं विचारलं. विलास प्र.कडं बघून म्हणाला, "नाई. आता बिलकुल नाई."

प्र. रोज कबूल करतो की त्याला वाटतं. अजून वाटतं. मग विलासलाच कसं वाटत नाही?

३ ऑगस्ट
विलास आला नाही. मागच्या रविवारीही नाही. प्र.नं फोन केला. "बोरच्या मोटरी जळून राह्यल्या भाऊ, लई काम हाय. येतो पुढच्या येळी."
मी म्हटलं, जाऊन ये एकदा.
"त्याची काळजी नको करू. तो आपला पक्का माणूस हाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
विलास गेला.

फोन त्याच्या भावाचा. दुकानात सापडला. शटर आतून ओढलेलं. कविताला सांगून गेला होता की मंगरूळपीरला मोठं काम आहे, काही दिवस तिकडंच मुक्काम. आणि दुकानात जाऊन बसला होता. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, एक चादर. दारूची बाटली एकही नाही.

कधीपासून पुन्हा पीत होता, कुणालाच माहीत नाही. पण सोडायला बसला होता. एकटा. डॉक्टर म्हणाले, झटका आला असणार.

प्र. ऐकून खाली बसला. तसाच, अंगणात.

दुसरा दिवस
रिठदला जाऊन आलो. त्याच्या घरापुढं फोटो ठेवला होता. तोच, पेपरातला, मोठा करून आणलेला. स्टेजवरचा हार त्यात होताच. वरून आणखी एक घातला.

प्र.नं बघितलं आणि रस्त्याकडं निघून गेला. मी बायकांत जाऊन बसले. कविता रडत नव्हती. चुलतसासू म्हणत होती, "सुटला होता ना वं तो? पेपरात आलं होतं ना?" पुन्हा पुन्हा.

११ सप्टेंबर
केंद्रात कुणी जोरात बोलत नाही. पंखे फिरतात. आवाज करत नाहीत हेच नको वाटतं. एक पंखा बंद केला तर रहीमचाचांनी उठून पुन्हा चालू केला. "राहू द्या बाई. त्याच्या हातचा आहे."

बैठकीत कुणीही फाटकाकडं तोंड करून बसायला तयार नाही. खुर्च्या आपोआप वळल्या आहेत. मी विचारलं तर एकजण म्हणाला, "तिथं कोनी उभं असल्यावानी वाटते." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

मला हसायला हवं होतं. मुलांना मी विज्ञान शिकवते. पण दिवेलागणीला फाटक लावायला गेले आणि कडीला हात लावण्याआधी म्हणाले, "यायचं असेल तर ये." मोठ्यानं. मलाच दचकायला झालं.

१४ सप्टेंबर
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारची बैठक. प्र. नेहमीच्या जागी, पण बोलत नव्हता. दारात सावली पडली. शांतिलालजी. चपला बाहेर काढल्या आणि आत आले. पहिल्यांदा. रहीमचाचांनी सरकून जागा दिली. ते बसले नाहीत, भिंतीला हात लावून उभे राहिले. त्याच मागच्या भिंतीला.

म्हणाले, "तो आला होता."

कुणाला कळेना.

"विलास. पोळ्याच्या चार-आठ दिवस आधी. दुपारी. बैठक चालू होती. मी बाहेर बाकावर. तो फाटकापाशी उभा राहिला. हात कापत होते. मी म्हणालो, अरे आत जा, सगळे आहेत. त्यानं विचारलं, कंडक्टरभाऊ आहेत काय आत? मी म्हणालो, आहेत ना. नवीन लोक आलेत, त्यांना तुझंच सांगून राहिलेत. तुझं नाव घेताहेत बघ."

थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"खरंच घेत होते. खिडकीतून ऐकू येत होतं. ‘आमचा विलास पाहा.’ त्यानं ते ऐकलं. मला म्हणाला, काका, मी आलतो म्हणून सांगू नका. आणि गेला. मी सांगितलं नाही. त्यानं सांगू नको म्हटलं म्हणून नाही. मला... असंच करायची सवय आहे. आमचा महावीर—"

त्यांनीच नाव काढलं. आम्ही सगळे खाली बघत होतो.

"महावीरचं लग्न ठरवत होतो. सगळ्यांना सांगितलं, पोरगा सुधारला, हात लावत नाही. मंदिरात त्याच्या हातानं पूजा करवली, लोकांनी पाहावं म्हणून. मग पुन्हा सुरू झालं तर तो सांगणार कुणाला? घरी येऊ शकत नव्हता. इथं येऊन बसायचा, पोत्यांमागं. मला ठाऊक होतं. मी वरून कुलूप लावायचो. कुणी पाहू नये म्हणून."

कुणी मधे बोललं नाही. नियमच आहे तो.

प्र. उठला. मला वाटलं त्यांना धरेल. तो त्यांच्याजवळून बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

१५ सप्टेंबर
प्र. काल संध्याकाळीच आला. शुद्धीत. आज सकाळी त्यानं केंद्राला कुलूप घातलं. माणसांना घरी पाठवलं, दोघांना वाशिमला भरती केलं. दारावर पाटी: बंद आहे.

"किती दिवस?"
"बंद म्हंजे बंद."
मग जेवायला बसल्यावर: "मीच चढवलं त्याले वर. उतराले शिडी ठेवली नाई."

२२ सप्टेंबर
प्र. घरात असतो. खिडकीशी. जेवतो, अंघोळ करतो, सगळं करतो. ह्याआधी कधी असं घाबरवलं नव्हतं त्यानं, पीत होता तेव्हाही नाही. तेव्हा निदान माहीत होतं कशाला भ्यायचं.

रहीमचाचांचा फोन आला. "बाई, मी ठीक आहे. पण दुपार निघत नाही."

२७ सप्टेंबर
शाळेतून आले, प्र. नाही. गाडी नाही. फोन घरीच, उशीखाली. त्यानं मुद्दाम ठेवला की विसरला, ह्यावर मी किती वेळ घालवला. देशीच्या दुकानापर्यंत चालत गेले. बाहेर उभी राहिले. एक शिक्षिका, खांद्याला पर्स. आतली माणसं एकेक करून मान खाली घालून निघाली, जणू मी त्यांचीच बायको. प्र. तिथं नव्हता. परत आले. एसटी स्टँडवर जाऊन आले. मग ओट्यावर बसले आणि ठरवलं की आज पिऊन आला तर आला, जिवंत येऊ दे. हे मी कधी ठरवेन असं वाटलं नव्हतं.

अंधार पडता पडता आला. रिठदला गेला होता. दिवसभर कविताच्या दारात बसला होता.
"काय म्हणाली?"
"काहीच नाई. दुपारी पानी आणून देलं. मंग म्हने, इथं बसून काय करता? ज्याले गरज हाय तो तुमच्या कुलपापाशी उभा असन."

३० सप्टेंबर
कविता आली. एसटीनं, एकटी. मुलगी आजीकडं. चहा घेतला नाही, आधी केंद्र उघडा म्हणाली. प्र.नं कुलूप काढलं. तिनं आत जाऊन एकेक खोली पाहिली. पंख्यांखाली उभी राहिली, वर बघत. मग म्हणाली,

"हार घालू नका कोनाले. पेपरवाल्याले बोलावू नका. जो पडला त्याले पह्यले जेवू घाला, मंग इचारा."

प्र. मान हलवत होता, शाळकरी पोरासारखा.

"अन् त्या फाटकात कोनी तरी बसाले पाह्यजे. बाहेर नाई, फाटकातच. मी बसतो."

(आमच्याकडं बायकाही ‘बसतो’ म्हणतात. मीही घरी म्हणते, शाळेत नाही.)

मी विचारलं, तुला त्रास नाही होणार? म्हणाली, "घरी बसून होतेच हाय ना."

१७ ऑक्टोबर
उघडलं. गाजावाजा नाही. शांतिलालजी आता आत बसतात, बैठकीत. ज्यांना घरच्यांनी लपवलंय अशांचे बाप त्यांच्याशी बोलायला येऊ लागलेत. कविता स्वयंपाक बघते आणि मधल्या वेळात फाटकात खुर्ची टाकून बसते. तांदूळ तिथंच निवडते.

तिच्या खुर्चीशेजारी थोडी जागा सोडून माणसं ये-जा करतात. कुणी सांगितलेलं नाही. तीही सोडते.

प्र.नं बैठकीत सांगितलं, ज्या दिवशी तो रिठदला गेला त्या सकाळी तो आधी दुसरीकडंच निघाला होता. देशीच्या दुकानाच्या वळणापर्यंत गेला होता. मी हे पहिल्यांदाच ऐकलं, सगळ्यांच्या सोबत. घरी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं. मग वाटलं, कुठंतरी सांगितलं ना.

८ नोव्हेंबर
सकाळी शाळेत जायच्या आधी डबे ठेवायला केंद्रात गेले. फाटकाबाहेर ऑटो थांबलेला. मालेगावचा नाही, मंगरूळपीरकडचा. एक तरुण बाई खाली उतरलेली. आत तिचा नवरा, तोंडावर रुमाल, एका हातानं दांडी गच्च धरून. उतरायला तयार नाही.

ती कविताला विचारत होती, "इथं नक्की सुटते ना बाई? आमाले सांगतलं, इथं सुटते म्हने."

मला वाटलं कविता आत बोट दाखवेल, प्र.ला हाक मारेल. प्र. व्हरांड्यात आला होता, तिथंच थांबला.

कविता म्हणाली, "माया मालक इथं आलता. सुटला. मंग पुन्हा लागला, अन् मेला."

ती बाई एक पाऊल मागं सरकली. ऑटोतला माणूसही ऐकत होता, रुमाल खाली आला.

"मंग तू इथं कायले बसली?" त्या बाईनं विचारलं.

कवितानं मांडीवरच्या सुपातला एक खडा काढून टाकला. मग त्या बाईला नाही, ऑटोकडं बघून म्हणाली, "उन्हाळाभर तो घरी जेवाले येये. माया लेकीले पंप कसा उघडते ते दाखवे. तिले आजबी येते. तेवढं भेटलं मले. तुले किती भेटन, मी कशी सांगू?"

मग तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं, ऑटोपाशी गेली आणि आत जाऊन त्याच्याशेजारी बसली. त्या बाईला कळेना काय करावं, मग तीही चढली. तिघं दाटीनं बसलेले. ऑटोवाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

मला पहिल्या तासाला पोचायचं होतं. मी निघाले तेव्हा त्याचा हात दांडीवरच होता.